कागदावर सहा

रविवार, २ फेब्रुवारी २०२५

सरकीच्या ढेपेच्या व्यापाऱ्याने दिलेल्या या डायरीत रविवारला अर्धंच पान आहे. वर शनिवार, खाली रविवार, मधे एक रेघ. सोमवार ते शुक्रवार माणूस पूर्ण असतो आणि रविवार उजाडला की निम्मा होतो, हा सिद्धांत कोणत्या स्मृतीत आला आहे मला ठाऊक नाही. आठ वर्षं संस्कृत पाठशाळेत काढली, तिथे तरी कोणी शिकवला नाही. उलट रविवारीच माणूस घरी असतो, बायकोचं सगळं ऐकून घेतो, आणि लिहिण्यासारखं जे काही व्हायचं ते त्याच दिवशी होतं. सदर व्यापाऱ्याकडे लेखी निषेध नोंदवावा असं मनात होतं. परंतु डायरी फुकट आहे आणि पुढच्या वर्षीही हवी आहे.

लिहिण्याचं कारण माझा डावा कान. तो चौदा महिन्यांपासून वाजतो आहे. जागा संपली.

सोमवार, ३ फेब्रुवारी

उपरोक्त कान. कुकरची शिट्टी होण्याआधी जो बारीक सूं आवाज येतो, तो. फक्त शिट्टी कधीच होत नाही. आयुर्वेदात याला कर्णनाद म्हणतात. रोगाला संस्कृत नाव सापडलं की अर्धा रोग गेला असं मला पूर्वी वाटे. योगी लोक आतला नाद ऐकू यावा म्हणून वर्षानुवर्षं डोळे मिटून बसतात. मला तो सभेत, मोटरसायकलवर, वरणभात खाताना विनासायास प्राप्त झाला आहे. कोणी घ्यायला तयार असेल तर घरपोच देईन.

आर्वी नाक्याजवळच्या कानाच्या दवाखान्यात आज पहिली बैठक. डॉक्टर मेघा नावाची मुलगी आहे, तिशीची. तिने नीट समजावून सांगितलं. कानातल्या बारीक पेशी मेल्या की मेंदूला तिकडून बातमी येणं बंद होतं. मग मेंदू स्वतःच बातमी तयार करतो. मी म्हटलं, मॅडम, सत्तावीस वर्षं वार्ताहर आहे, आमच्या धंद्यात याला अनुभव म्हणतात.

आठाच्या आकड्यासारखं चपटं काळं यंत्र कानाच्या वर डोक्याला टेकवतात. सेकंदाला एक याप्रमाणे वीस मिनिटं टक, टक, टक. सुई नाही, चिरफाड नाही. चुंबकाचा झटका कवटीतून आत जातो आणि जो भाग विनाकारण ओरडतो आहे त्याला गप्प करतो, असं म्हणतात. मला काही जाणवलं नाही. असे दहा दिवस. शिवाय माझ्या कानातल्या आवाजाची पट्टी शोधून तिला जुळेल असा एक आवाज त्यांनी फोनमध्ये घालून दिला आहे. शेजारच्या घरचा नळ सुरू राहिल्यासारखा. तो रोज दोन तास ऐकायचा.

आणि रोज गुण द्यायचे. शून्य म्हणजे शांतता, दहा म्हणजे असह्य. आज आठ.

आमची बाराजणांची पहिली तुकडी आहे. सहांना खरा झटका, सहांना नुसतंच टकटक. कोणाला काय ते आम्हाला माहीत नाही आणि मेघा मॅडमनाही नाही. यादी नागपूरला बंद लिफाफ्यात. बारा झाले की लिफाफा उघडायचा. खऱ्या गटाला खोट्यापेक्षा स्पष्ट आराम पडलेला दिसला तर यंत्र इथेच राहील आणि ज्यांना उपयोग झाला त्यांना दुसरी फेरी मिळेल. नाही दिसला तर यंत्र परत.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आंजीवाली, देवळीवाली, सगळी मंडळी एसटीच्या वेळा धरून नऊलाच येतात आणि पाळी येईस्तोवर एका बाकावर बसतात. मी बोलका माणूस. दुसऱ्याच दिवशी सगळे मला पंडितजी म्हणू लागले.

माझ्यानंतर नंबर अण्णाजींचा. आंजी मोठीचे. तेहेतीस वर्षं वर्ध्यातल्या जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या मशीनच्या रांगेत. सोबत त्यांची बायको नलूबाई, रोज.

मी म्हटलं, "वहिनी, अण्णाजी काय हरवणार आहेत वर्ध्यात? रोजी पाडून कशाला येता?"

"येतो जी सोबतीले."

"सोबतीला की पहाऱ्याला? इथल्या नर्सा देखण्या आहेत खऱ्या."

अण्णाजी हसले. नलूबाई हसल्या नाहीत. माझा विनोद पहिल्यांदा ऐकणाऱ्याला जरा वेळ लागतो.

अण्णाजी सांगत होते, "मशीन चालू असली का मले काहीच नाई जी. अठ्ठेचाळीस मशीनी एका दमानं चालतात, त्याच्यात माह्या कानाचा आवाज बुडून जाते. थ्या बंद झाल्या का मंग माह्या डोक्यात जिन सुरू होते. सिझन हाये तवर ठीक हाये. मार्चमंधी जिन बंद पडली का दिवाळीवरी मी अन् थो आवाज."

"मग उन्हाळ्यात काय करता?"

"मांगच्या उन्हाळ्यात जिनिंगच्या मांगं रेल्वेची पटरी हाये नं, तिथं जाऊन बसत होतो. मालगाडी आली का लय बरं वाटे. चार मिनिटं काहीच नाई वाजत. जरा जवळ बसलं का अजून बरं."

हे मी तिथेच टिपून घेतलं. रविवारच्या पुरवणीत झकास बसेल: भर उन्हात रुळाशेजारी बसून मालगाडीची वाट बघणारा श्रोता. शीर्षकही सुचलं, 'मालगाडीचं मलम'. नलूबाई तेवढा वेळ पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

अण्णाजी म्हणतात, यंत्र सुरू झालं की डोक्याची कातडी उडते आणि डोळा फडफडतो. मला तसं काही होत नाही. त्यांची कातडी हळवी असावी.

गुण आठ. अण्णाजींचे नऊ.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

पाच बैठका झाल्या. कान जसाच्या तसा.

मेघा मॅडमनी विचारलं, "सर, कसं वाटतंय?" सकाळी साडेसातपासून ती मुलगी एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर यंत्र धरून उभी असते. डबा दोन वाजता खाते, तोही उभ्याने. या कामावर तिचा प्रबंध आहे. तिच्या डोळ्यात बघून "काही फरक नाही" म्हणणारा माणूस आमच्या जिल्ह्यात जन्माला यायचा आहे. डॉक्टर विचारतो, आपण म्हणतो, फरक आहे. तो गोळ्या बदलतो, आपण म्हणतो, पन्नास टक्के फरक आहे. माझी आजी जायच्या आदल्या दिवशीही डॉक्टरांना फरक आहे असंच म्हणाली होती.

मी म्हटलं, "फरक आहे." आणि कागदावर सहा लिहिले.

तिचा चेहरा असा उजळला की मला दोन गुण स्वस्त वाटले.

कागदावर सहा. इथे आठ.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज बाकावर नानाजींनी गोंधळ घातला. नानाजी म्हणजे एसटीतून निवृत्त झालेले वाहक. त्यांच्या कानात घंटी वाजते, डबल, असं ते सांगतात. ते म्हणाले, "म्या त नऊ सांगतले. मॅडमचं तोंड उतरलं बिचारीचं."

मग मी सगळ्यांना समजावलं. नऊच्या जागी सहा सांगितल्याने तुमचा कान काही जास्त वाजणार नाही. पोरीची मेहनत आहे, परीक्षा आहे. आपण घरी आलेल्या पाहुण्याला जेवण कसं झालं विचारतो तेव्हा तो खारट झालं म्हणतो का? मी वीस माणसांच्या सभेला 'भरगच्च उपस्थिती' लिहितो, आयोजक सुखावतो, वीस माणसं सुखावतात, कोणाचं नुकसान होत नाही. सगळ्यांना पटलं. अर्धा तास मी शाळा घेतली म्हणा ना. 'सहा' हा आकडाही मीच सुचवला. चार म्हटलं तर अतिशयोक्ती, सात म्हटलं तर कंजुषी.

एकटे अण्णाजी मानेनात. "नऊ हाये त नऊच सांगीन जी."

"अहो अण्णाजी, दोन-तीन गुणांनी काय आभाळ कोसळतं?"

"तुमी जिनात नाई राह्यले पंडितजी. वला कापूस कोरडा हाये म्हनून गंजीत टाकला का वरून कायी दिसत नाई, आतून तापत जाते. मंग एक दिवस हात घातला का समजते."

नानाजी म्हणाले, "घ्या. कानाच्या दवाखान्यात कापूस आला." सगळे हसले. अण्णाजीही हसले, पण कागदावर नऊच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

दहावी बैठक. आज निरोप. एक गोष्ट नवलाची. अण्णाजींनी कागदावर पाच लिहिले.

"आलात ना शेवटी आमच्या पक्षात?" मी म्हटलं.

"नाई जी. खरंच पाच हाये. काल जिनाले सुट्टी होती, मशीन बंद, तरी दोन घंटे झोपलो. इच्चारा हिले."

नलूबाईंनी मान हलवली आणि रुमालात बांधून आणलेली बोरं माझ्यापुढे केली. म्हणाल्या, "मी बी झोपली काल." एवढंच. बाईंच्या झोपेचा अण्णाजींच्या कानाशी काय संबंध, ते मला कळलं नाही. पण बोरं गोड होती.

कागदावर सहा. इथे आठ, सायंकाळी साडेआठ.

शनिवार, १ मार्च

फोनमधला नळ रोज दोन तास ऐकतो. तेवढा वेळ लक्ष जरा बाजूला होतं हे खरं. नळ बंद केला की सूं परत जागेवर, चपला काढून बसलेल्या पाहुण्यासारखा.

छायाने आज ही डायरी वाचली. छाया माझी पत्नी. जिल्हा परिषदेच्या शाळेत प्रमाण मराठी शिकवते आणि घरी खरी मराठी बोलते.

"हे काय हो? तिथं सहा सांगता अन् मले आठ. खरं कोणाले सांगता?"

"तुला. तू धर्मपत्नी. तुझ्यापुढे असत्य चालत नाही."

"अन् थे डॉक्टरीन आपलं काम तुमच्या सहावर करून राह्यली, त्याचं काय?"

"तिला बरं वाटतं."

"तिले बरं वाटाले गेलते का तुमी तिथं?"

वर्गात ती अशीच विचारते. मुलं गप्प बसतात. मी फोनमधला नळ सुरू केला.

बुधवार, १९ मार्च

महिन्याची तपासणी. बाकावर पुन्हा सगळे. धुळवडीचा रंग नानाजींच्या कानामागे अजून आहे. सगळ्यांचे सहा, कोणाचे साडेपाच. बाक एका सुरात बोलतो आहे याचा मला थोडा अभिमान वाटला, हे लिहून ठेवतो.

अण्णाजी चारवर गेले होते, गेल्या आठवड्यात पुन्हा पाच. चेहरा भरला आहे. नलूबाई आज आल्या नाहीत; गव्हाच्या सोंगणीला गेल्या म्हणे. पहिल्यांदाच एकटे आले.

"दुसरी फेरी कवा होईन जी? जिन एकतीस तारखेले बंद होऊन राह्यली. त्याच्या आंधी झाली त माहा उन्हाळा निंगून जाईन."

मी म्हटलं, "लिफाफा या आठवड्यात उघडतो आहे. होईल."

"तुमी म्हंता त होईन."

मंगळवार, २५ मार्च

मेघा मॅडमनी बोलावलं. मी वार्ताहर म्हणून आधी मला सांगावं असं तिला वाटलं. टेबलावर एकच कागद होता.

लिफाफा उघडला. खऱ्या गटाची सरासरी सहाच्या आसपास. खोट्या गटाचीही सहाच्या आसपास. फरक नाही. समितीने अभ्यास थांबवला. यंत्र चार एप्रिलला जाणार.

"आश्चर्य म्हणजे खोट्या गटातही सगळ्यांना आराम पडला," ती म्हणाली. "मनाचा परिणाम असतो, वाचलं होतं, पण इतका सारखा? आणि खऱ्या गटातही तेवढाच. जणू सगळ्यांनी ठरवून."

मी पाणी मागितलं.

"तुम्ही खोट्या गटात होतात सर. तुमच्यावर उपचार झालेलाच नाही. तरीही तुम्हाला दोन गुणांचा आराम. बघा."

"आणि अण्णाजी?"

"खऱ्या. बारांत ते एकटेच नऊवरून चार-पाचवर आले. पण एका माणसावरून काही ठरत नाही. कागदावर त्याला अपवाद म्हणतात."

पाणी आलं, ते प्यालो. तिला काही सांगितलं नाही. रिकामा ग्लास पुन्हा तोंडाला लावला तेव्हा ती म्हणाली, "सर, तुम्हाला बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे."

गुरुवार, २७ मार्च

दोन दिवस बातमी पाठवली नाही. दैनिकातून फोन आला, तब्येतीचं विचारलं. सुधारणा आहे म्हटलं.

मनात हिशेब करतो आहे. खऱ्या सहांपैकी आणखी कोणाला खरोखर चार वाटत असेल आणि माझ्या सांगण्यावरून त्याने सहा लिहिले असतील. खोट्या सहांना आठ-नऊ वाटत होतं, त्यांनीही सहा लिहिले. दोन्ही बाजूंनी सगळे माझ्या आकड्यावर येऊन बसले. त्या कागदावर उपचार चालला की नाही हे कधीच नव्हतं. माझं भाषण चाललं, एवढंच होतं.

छायाला सांगितलं. ती पोळ्या करत होती, तवा उतरवला.

"मंग सांगा तिले."

"काय सांगू?"

"या वहीत जे हाये थे. वहीच नेऊन द्या."

"ती मला काय म्हणेल?"

"काही म्हनो. अण्णाजीले काय म्हनता थे पहा."

शनिवार, २९ मार्च

डायरी नेली. मेघा मॅडमनी सात फेब्रुवारीपासून सगळी पानं वाचली. अकरा तारखेचं पान दोनदा वाचलं. बाहेर सफाईवाली बादली सरकवत होती, तो आवाज माझ्या उजव्या कानात येत होता आणि डाव्या कानात सूं.

डायरी मिटून म्हणाली, "मला वाईट वाटेल म्हणून?"

"हो."

"सर, मला वाईट वाटणं हे माझं काम होतं."

मी विचारलं, आकडे दुरुस्त करता येतील का. ती म्हणाली, यादी उघडल्यानंतर गुण बदलता येत नाहीत; बदलले तर पुढे कोणत्याच आकड्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. ती समितीला सगळं लिहून कळवणार आहे. समितीची बैठक जूनमध्ये. यंत्र चार तारखेलाच जाणार. अण्णाजींसाठी तिने नागपूरच्या एका दवाखान्यात फोन केला, माझ्यासमोरच. तिथे असंच यंत्र आहे, एकवीस एप्रिलची तारीख मिळाली.

"तोवर त्यांना एकटं वाटू देऊ नका," ती म्हणाली. "शांततेत हा आवाज फार वाढतो. आणि त्यांना खरं तुम्हीच सांगा."

डायरी परत देताना तिने माझ्याकडे बघितलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

मला एक कल्पना सुचली आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. जिन आज बंद होणार. बंद व्हायच्या आधी तिचा आवाज मी फोनवर टिपून घेतला तर? माझा नळ तशी अण्णाजींची जिन. दुपारी तिथे गेलो. मालकाला बातमीचं निमित्त सांगितलं. मशीनच्या रांगेत चाळीस मिनिटं फोन धरून उभा राहिलो. डोळ्यात, नाकात कापसाचे तंतू. माझा सूं खरोखर ऐकू येईना. अण्णाजी टोकाच्या मशीनवर होते, मला पाहून त्यांनी हात वर केला.

पाच वाजता मशीन एकामागून एक थांबल्या. शेवटची थांबली तेव्हा अण्णाजींनी तिच्यावर पंजा टेकवला आणि तसेच उभे राहिले, बाकीचे हात धुवायला गेले तरी. मी बोलणार होतो, पण त्यांनी डोळे मिटले होते. म्हटलं, घरी जाऊन निवांत सांगू. मी निघालो. हे भित्रेपण आहे हे मला रस्त्यात कळलं.

गुरुवार, ३ एप्रिल

आंजीला गेलो. अण्णाजी घरी नव्हते, पिठाच्या गिरणीजवळ होते. गिरणीच्या ओट्यावर, भिंतीला पाठ लावून. गिरणीवाला म्हणाला, "सकाळपासून बसून हायेत. दळन नाई कायी नाई. लाईट गेली का उठतात, आली का येतात."

ओट्यावरच सांगितलं सगळं. सहाचं, बाकावरच्या शाळेचं, लिफाफ्याचं, यंत्र उद्या जातं आहे ते. एकवीस तारखेचं. मधे मधे गिरणीमुळे मला ओरडून सांगावं लागत होतं. असली गोष्ट ओरडून सांगावी लागते याला काय म्हणावं.

अण्णाजींनी रागावावं म्हणून मी थांबलो. ते म्हणाले, "म्हंजे तुमाले फरक नोता पडला?"

"नाही."

"नानाजीले?"

"नाही."

"अन् मी रोज घरी येऊन हिले सांगो, सगळ्याइले फरक पडून राह्यला, मलेच काऊन नाई. माहाच कान कामातून गेला, असं वाटे." पायावरचं पीठ झटकत म्हणाले, "जाऊ द्या जी. तुमी पोरीचं मन राखलं."

मी फोन काढून जिनचा आवाज लावला. त्यांनी कानाशी धरला, लक्ष देऊन ऐकला, परत दिला.

"हा त फवारणीच्या पंपासारखा वाटते."

"पण आवाज तोच आहे अण्णाजी. चाळीस मिनिटं उभा होतो."

"जिन कानानं नाई ऐकू येत पंडितजी. पायानं येते. जमीन हालली पाह्यजे."

लाईट गेली. गिरणी हळूहळू थांबली. त्यांनी तळहातांनी दोन्ही कान दाबले, मग सोडून दिले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "जिनिंगच्या मांगून मालगाड्या कवा कवा जातात जी आजकाल? तुमाले ठाऊक असन. टाईम बदलला म्हंतात."

मला ठाऊक होतं. गेल्या महिन्यात फाटकाच्या खोळंब्यावर बातमी केली होती. मी बोटांवर मोजून सगळ्या वेळा सांगितल्या. त्यांनी त्या पुन्हा म्हणून दाखवल्या, पाठशाळेतल्या मुलासारख्या, एकही चूक नाही. मी म्हटलं, "शाबास." काहीतरी देऊन निघतो आहे याचं मला समाधान वाटलं.

बसमध्ये खिडकीशी बसलो. कुठला तरी फाटा गेला, लक्ष नव्हतं. चार फेब्रुवारीचं माझंच पान आठवलं. 'जरा जवळ बसलं का अजून बरं.' आणि नलूबाईंचा पदर.

शनिवार, ५ एप्रिल

काल आणि आज मिळून सहा वेळा फोन केला. चार वेळा उचलला नाही. दोनदा नलूबाई. मी त्यांना म्हटलं, वहिनी, त्यांना एकटं कुठे जाऊ देऊ नका. त्या म्हणाल्या, "मी गेल्या उन्हाळ्यापासून जाऊ नाई देत जी. तुमाले आज समजलं?" मेघा मॅडमना कळवलं. तिने नागपूरची तारीख अलीकडे आणता येते का बघते म्हटलं आणि सोमवारी आंजीला स्वतः येते म्हणाली.

रविवार, ६ एप्रिल

सकाळी सात. नलूबाईंचा फोन आत्ताच आला. आवाजात बरं वाटल्यासारखं होतं. म्हणाल्या, "काल चांगले जेवले. लय दिवसानं शांत झोपले. कान आता वाजत नाई म्हनतात, शून्य हाये म्हनतात. पहाटे उठून फिराले गेले, मले म्हने, तू झोप आज."

मी विचारलं, कुठे गेले. त्या म्हणाल्या, वर्ध्याची पहिली एसटी पकडली असं शेजारी सांगतात. मग त्याच म्हणाल्या, "जिन त बंद हाये नं जी."

अण्णाजींनी कधी खोटा गुण दिला नाही. शून्य हा त्यांचा पहिला. कोणाचं मन राखायला दिला, ते मला कळतं. ती पद्धत मीच शिकवली आहे.

जिनिंगमागच्या रेल्वे फाटकावरच्या गेटमनला फोन लावला, पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला लावला, दोघेही बघायला निघाले आहेत. छाया चपला घालून दारात उभी आहे. मी गाडीची किल्ली शोधतो आहे आणि सापडत नाही म्हणून उभ्यानेच हे लिहितो आहे. अर्धं पान पुरे आहे.

कानाची मला काळजी नाही, तो वाजू दे. मला काळजी याची वाटते, की त्यांनी मला गाड्यांच्या वेळा विचारल्या, मी सगळ्या बरोबर सांगितल्या, आणि कशाला हव्यात हे विचारलं नाही.

किल्ली सापडली.